चौकटीतली स्त्री: रेनेसाँकालीन व्यक्तिचित्रे आणि आपल्या घराची भिंत

घटकाची उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी सांगता याव्यात:
१. रेनेसाँकाळातील स्त्री-व्यक्तिचित्रे कोणासाठी व कोणत्या प्रसंगी काढली जात.
२. या चित्रांची रीत मुंबईच्या कलाशिक्षणातून आणि छापखान्यातून मराठी घरांपर्यंत कशी आली.
३. अशी चित्रे घरात लावावीशी का वाटतात, आणि ती लावताना कोणते प्रश्न विचारावेत.

१. प्रास्ताविक

जबलपूरच्या ओमतीसारख्या जुन्या वस्तीत, नागपुरात, कोल्हापुरात किंवा दादरला, जुन्या मराठी घराची बैठकीची खोली आठवून पाहा. आजी-आजोबांचा फोटो, देवाची तसबीर, भिंतीवरचे कॅलेंडर, आणि अनेक घरांत आणखी एक चौकट: हातात दिवा धरलेली स्त्री, हंसाशी बोलणारी दमयंती किंवा वीणा घेऊन बसलेली सरस्वती. नव्या सदनिकांमध्ये याच जागी आता कॅनव्हासवर छापलेली ‘मोना लिसा’ दिसते, किंवा मोत्यांची माळ घातलेली एखादी फ्लोरेन्सची तरुणी. वरवर पाहता एक परंपरा देशी आहे आणि दुसरी परदेशी. पण दोहोंचे नाते जवळचे आहे. चेहरा किती वळवायचा, उजेड कोणत्या बाजूने घ्यायचा, दागिन्यांवर चमक कशी आणायची, हे दोन्हीकडे एकाच शाळेतले धडे आहेत.

जबलपूरचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. हा प्रदेश १७८१ मध्ये मराठ्यांच्या ताब्यात आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. पुढे १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. १८७० मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला, १९५६ मध्ये उच्च न्यायालय आले. नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांबरोबर त्यांची देवघरे आली आणि तसबिरीही आल्या. मुंबईत छापलेला माल इथवर पोहोचणे रेल्वेमुळे सोपे झाले. म्हणूनच ‘घराच्या भिंतीवरचे चित्र’ हा विषय इटलीतून सुरू झाला तरी जबलपूरपर्यंत येतो.

२. ही चित्रे मुळात घरासाठीच होती

आज रेनेसाँची चित्रे आपण संग्रहालयात पाहतो. त्यामुळे ती सार्वजनिक प्रदर्शनासाठी काढली गेली असावीत असा समज होतो. स्त्री-व्यक्तिचित्रांच्या बाबतीत हा समज बहुधा चुकीचा ठरतो. पंधराव्या-सोळाव्या शतकातील इटलीत श्रीमंत व्यापारी कुटुंबे ही चित्रे आपल्या घरासाठी काढून घेत, आणि त्यांचा प्रसंग पुष्कळदा लग्नाचा असे.

एक उदाहरण पाहू. दोमेनिको गिर्लांदायो याने जोव्हान्ना देली अल्बिझ्झी या फ्लोरेन्सच्या तरुणीचे चित्र काढले. तिचे लग्न १४८६ मध्ये लोरेन्झो तोर्नाबुओनी याच्याशी झाले. १४८८ मध्ये, गरोदर असतानाच, तिचा मृत्यू झाला. चित्रावर १४८८ हेच साल आहे. तिच्या अंगावर भारी जरतारी वस्त्र आहे, गळ्यात रत्नजडित पदक आहे, मागे कपाटात प्रार्थनेचे पुस्तक व पोवळ्यांची माळ आहे. चित्रातच एक लॅटिन मजकूर आहे. स्त्रीचे शील आणि मन रंगात उतरत नाही, अशी खंत त्यात व्यक्त झाली आहे. हे चित्र तोर्नाबुओनी कुटुंबाच्या वाड्यात होते. आज ते माद्रिदच्या थायसेन संग्रहालयात आहे.

या एका चित्रात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: सौंदर्य, कुटुंबाची प्रतिष्ठा आणि आठवण. वस्त्र व दागिने हे केवळ नटणे नव्हते. सून कोणत्या घरातून आली आणि कोणत्या घरात आली, याची ती जाहीर नोंद होती. दुसरीकडे, गेलेल्या माणसाचा चेहरा घरात ठेवण्याची गरजही हे चित्र भागवत होते. आपल्याकडे हार घातलेला फोटो जे काम करतो, त्यापेक्षा हे काम फारसे वेगळे नाही.

राफाएलने सुमारे १५०६ मध्ये काढलेली अग्नोलो दोनी आणि त्याची पत्नी माद्दालेना यांची जोडचित्रेही याच प्रथेतली. नवरा एका चौकटीत, बायको दुसऱ्या चौकटीत, दोघेही घरच्याच भिंतीसाठी.

इटलीबाहेर या प्रथेचे आणखी एक रूप दिसते. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने वधूसंशोधनासाठी आपला चित्रकार हान्स होल्बाइन याला परदेशी पाठवले होते. १५३८ मध्ये ब्रुसेल्सला होल्बाइनला डेन्मार्कच्या ख्रिस्तीनासमोर फक्त तीन तास मिळाले. त्यातील रेखाटनावरून त्याने पुढे पूर्ण उंचीचे चित्र केले. हे लग्न झाले नाही, चित्र मात्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ‘मुलीचा फोटो पाठवा’ ही आपल्याकडची मागणी किती जुन्या वळणाची आहे, हे यावरून ध्यानात येईल.

३. एकचष्म ते दीडचष्म

भारतीय लघुचित्रांच्या परंपरेत चेहऱ्याच्या वळणासाठी नेमके शब्द आहेत. बाजूने दिसणारा, एकच डोळा असलेला चेहरा म्हणजे एकचष्म. थोडा वळलेला, दीड डोळा दिसावा असा चेहरा म्हणजे दीडचष्म किंवा डेढचष्म. रेनेसाँची चित्रे समजून घ्यायलाही हे शब्द उपयोगी पडतात.

पंधराव्या शतकातील फ्लोरेन्समध्ये स्त्रीचे चित्र बहुधा एकचष्म असे. जोव्हान्नाचे चित्र तसेच आहे. अशा चित्रातली स्त्री आपल्याकडे पाहत नाही. आपण तिच्याकडे निवांत पाहू शकतो. ती मात्र नजर परत करत नाही. कुलीन स्त्रीने परपुरुषाच्या डोळ्याला डोळा देऊ नये, हा संकेत त्या मांडणीशी जुळणारा होता.

लिओनार्दो दा विंची याने सुमारे १४७४ ते १४७८ या काळात जिनेव्रा दे बेंची हिचे चित्र काढले. यात चेहरा आपल्याकडे वळला आहे. मागे जुनिपरचे झाड आहे. इटालियन भाषेत त्या झाडाचे नाव ‘जिनेप्रो’, म्हणजे तिच्या नावाशी केलेला खेळ. हे चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. सुमारे १५०३ मध्ये त्याने ‘मोना लिसा’ सुरू केले. पॉप्लर लाकडाची ७७ सेंटिमीटर उंच व ५३ सेंटिमीटर रुंद फळी, कमरेपर्यंत दिसणारी बसलेली स्त्री, एकावर एक ठेवलेले हात, आणि सरळ आपल्यावर स्थिरावलेली नजर.

अशी नजर आपला पाठलाग करते असे लोक म्हणतात. त्यात गूढ काही नाही. खऱ्या माणसाच्या बाजूला सरकलो की त्याच्या बुबुळाच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या पांढऱ्या भागाचे प्रमाण बदलते, आणि तो आता आपल्याकडे पाहत नाही हे कळते. चित्र सपाट असते. आपण कोठेही उभे राहिलो तरी बुबुळाची जागा आणि नाकाची सावली तीच राहते. म्हणून समोर पाहणारा रंगवलेला डोळा खोलीतल्या प्रत्येकाकडे पाहत असल्यासारखा वाटतो. घरातल्या चित्रात हा गुण विशेष प्रभावी ठरतो, कारण घरात आपण एका जागी उभे राहून चित्र पाहत नाही. येता-जाता, चहा घेताना, केर काढताना पाहतो.

या परिणामामागे तैलरंगांचाही वाटा आहे. जवसाच्या तेलात घोटलेला रंग हळू वाळतो. त्यामुळे चित्रकाराला दोन छटा एकमेकींत मिसळायला वेळ मिळतो आणि पातळ, पारदर्शक थर एकावर एक देता येतात. ओठांच्या कडा व डोळ्यांचे कोपरे धुरकट ठेवण्याची लिओनार्दोची पद्धत ‘स्फुमातो’ या नावाने ओळखली जाते. कडा स्पष्ट नसल्या की पाहणाऱ्याचे मन त्या पूर्ण करते. म्हणून ते हसू कधी दिसते, कधी विरते.

४. इटलीची रीत मुंबईत

१८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. तेथे युरोपीय पद्धतीचे शिक्षण होते: प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर बसलेल्या माणसावरून अभ्यास, यथार्थदर्शन, छायाप्रकाश आणि तैलरंग. या अभ्यासक्रमाचा पाया रेनेसाँमध्ये घडलेल्या चित्रविचाराचा होता. जे. जे.त शिकलेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४), सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) आणि मूळचे गोव्याचे आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) हे सारे व्यक्तिचित्रणात वाकबगार होते. धुरंधरांनी मराठी घरातली, सणासमारंभातली, रस्त्यावरची स्त्री मोठ्या प्रमाणावर चितारली. ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन त्या काळाच्या अभ्यासाला आजही आवश्यक आहे.

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) मात्र कोणत्याही कलाशाळेत शिकले नव्हते. त्रावणकोरच्या दरबारात १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार आला होता. त्याला काम करताना पाहून आणि स्वतः प्रयोग करून त्यांनी तैलरंग आत्मसात केले. मराठी समाजाशी त्यांचा संबंध दोन वाटांनी आला. पहिली बडोद्याची: महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्यासाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे केली. दुसरी मुंबईची: तिथे त्यांनी वास्तव्य केले आणि छापखानाही काढला. त्यांच्या अनेक नायिकांच्या अंगावर मराठी वळणाची साडी दिसते ती या संबंधांमुळे.

रविवर्म्यांची नायिका आणि रेनेसाँची स्त्री शेजारी ठेवून पाहा. किंचित वळलेली मान, एका बाजूने येणारा मऊ उजेड, कापडाच्या चुण्यांवरची चमक, मागे दूर विरत जाणारा निसर्ग: साधने तीच आहेत. फरक आशयात आहे. फ्लोरेन्सची स्त्री कोणा एका कुटुंबाची सून होती. दमयंती किंवा शकुंतला ही सगळ्यांच्या माहितीतली गोष्ट होती. त्यामुळे फ्लोरेन्सचे चित्र एका घरासाठी होते, आणि हे चित्र कोणत्याही घरात जाऊ शकत होते. त्यासाठी गरज होती ती छपाईची.

५. शिळेवरून भिंतीवर

१८९४ मध्ये रविवर्मा आणि त्यांचे बंधू सी. राजराज वर्मा यांनी गिरगावात शिळाछापखाना सुरू केला. पुढे मुंबईत प्लेग पसरला आणि छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या छापखान्यासाठी काम केले होते.

छपाईचे तत्त्व साधे होते: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने आकृती काढायची. शिळा ओली केली की कोरी जागा पाणी धरते, आकृती धरत नाही. नंतर तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त आकृतीला चिकटते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा लागे, आणि एकच कागद सर्व शिळांवरून अचूक त्याच जागी बसवून न्यावा लागे. कागद थोडा सरकला तरी ओठाचा रंग गालावर जाई. शेवटी कागदावर वार्निशाची चमक आणि कॅनव्हाससारखा पोत देत. तैलचित्राचा भास देणाऱ्या अशा छापील चित्राला ‘ओलिओग्राफ’ म्हणतात.

राजवाड्यातले चित्र यामुळे सामान्य घरात आले. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, त्यांच्याही घरात देवीची मूर्त चित्ररूपाने येऊ शकली, हा या छपाईचा मोठा सामाजिक परिणाम अभ्यासक सांगतात. घरातल्या स्त्रियांनी या चित्रांत स्वतःची भर घातली. देवीच्या साडीवर जर शिवणे, दागिन्यांच्या जागी टिकल्या व मणी लावणे हे काम घरोघर होत असे. अशा सजवलेल्या प्रती आज संग्राहक जपून ठेवतात. मूळ चित्रकाराचे नाव सर्वांना माहीत आहे. टिकल्या लावणारीचे नाव बहुतेक प्रतींवर नाही.

पुढच्या पिढीत हेच काम कॅलेंडरांनी आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी केले. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) आणि दीनानाथ दलाल यांची स्त्रीचित्रे अनेक मराठी घरांनी वर्ष संपल्यावरही चौकट करून ठेवली.

६. ‘ग्लो ऑफ होप’: एका चित्राचा अभ्यास

हातात समई-निरांजनासारखा दिवा धरलेली, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणारी स्त्री. हे चित्र पाहिले नाही असा मराठी वाचक विरळा. ते रविवर्म्यांचे आहे असे वारंवार सांगितले जाते. ते खरे नाही. चित्रकार हळदणकर आहेत, चित्र १९४५–४६ च्या सुमाराचे आहे आणि मूळ प्रत मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. दुसरा सार्वत्रिक गैरसमज माध्यमाबद्दलचा. चित्रातील गडद अंधार पाहून ते तैलरंगातले वाटते. प्रत्यक्षात ते जलरंगात आहे. जलरंगात उजेड हा कागदाचा पांढरेपणा राखून मिळवायचा असतो. एकदा गडद झालेली जागा पुन्हा उजळणे कठीण. ज्योतीभोवतीची जागा सांभाळत बाकीचा अंधार रंगवणे म्हणजे किती आधीपासून विचार करावा लागतो, याची कल्पना करा.

बोटांकडे पाहा. ज्योतीपुढे धरलेल्या हाताच्या कडा लालसर, पारदर्शक दिसतात. उजेडाचा उगम चित्रातच ठेवण्याची ही युक्ती रेनेसाँनंतरच्या, सतराव्या शतकातील युरोपीय चित्रकलेत विशेष बहरली. जॉर्ज द ला तूर या फ्रेंच चित्रकाराच्या ‘सुतार संत जोसेफ’ या चित्रात लहान मुलाच्या हातात मेणबत्ती आहे आणि तिचा उजेड त्याच्या बोटांतून पार होतो. म्हणून हळदणकरांच्या चित्राला सरसकट ‘रेनेसाँ शैली’ म्हणणे योग्य नाही. त्यातील पाया रेनेसाँचा, उजेड नंतरच्या काळाचा, आणि दिवा व साडी आपल्या घरातली.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या चित्रातली स्त्री काल्पनिक नाही. हळदणकरांनी समोर उभे केले ते आपल्या मुलीला, गीताला. पुढे त्या गीता उपळेकर म्हणून कोल्हापुरात राहिल्या आणि वयाची शंभरी ओलांडून २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. लाखो लोकांनी ज्यांचा चेहरा पाहिला, त्यांचे नाव बहुतेकांना त्या बातमीमुळे कळले.

७. जबलपूरच्या आणखी दोन भिंती

जबलपूरच्या विद्यार्थ्याला तुलनेसाठी दूर जावे लागत नाही. शहरापासून जवळच भेडाघाटला चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. कलचुरींच्या काळातील हे वर्तुळाकार मंदिर सुमारे हजार वर्षांपूर्वीचे आहे. भोवतीच्या ओवऱ्यांत एक्याऐंशी कोनाडे आहेत. त्यांत बसलेल्या योगिनी आज पुष्कळशा भग्न आहेत. पण त्यांच्या बैठकीतला रुबाब आणि हातांतली आयुधे पाहिली की कळते, या स्त्रिया कोणाच्या पसंतीसाठी बसलेल्या नाहीत. त्या व्यक्तिचित्रेही नाहीत. त्या देवता आहेत. तरी त्यांच्या बैठकीखाली नावे कोरलेली आहेत.

दुसरी भिंत शहरातल्या शहीद स्मारकाची. तेथील भित्तिचित्रांमागे नंदलाल बोस यांची शांतिनिकेतनची परंपरा आहे. त्यांचे शिष्य, जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिंह, यांनी तेथे काम केले; राज्यघटनेच्या उद्देशिकेचे पान सजवणारेही तेच. या परंपरेने तैलरंगांची चमक आणि छायाप्रकाशाचा गोलवा मुद्दाम बाजूला ठेवला, रेषेला आणि सपाट रंगाला मान दिला. भगिनी निवेदितांनी १९०७ मध्येच रविवर्म्यांच्या शकुंतलेवर कडक टीका केली होती: पालथी पडून पत्र लिहिणारी ही नायिका त्यांना भारतीय आदर्शाला न शोभणारी वाटली. म्हणजे घराची भिंत मुंबईच्या रीतीची आणि स्मारकाची भिंत त्या रीतीला उत्तर देणारी, असे हे एकाच शहरातले चित्र आहे.

८. आकर्षण कशाचे?

आतापर्यंतच्या चर्चेवरून कारणे अशी मांडता येतात.

अ) आकार: कमरेपर्यंतचे, साधारण खऱ्या माणसाएवढे चित्र घरातल्या अंतरावरून पाहायला सोयीचे असते. ते समोर बसलेल्या माणसासारखे वाटते.

आ) उजेड: एका खिडकीतून येणारा उजेड चित्रातही असतो आणि खोलीतही. दोन्हींची दिशा जुळली तर चित्र खोलीचाच भाग वाटते.

इ) शांतता: या चित्रांत फार काही घडत नाही. रोज पाहायच्या चित्रात घटना असली तर ती शिळी होते. चेहरा तितक्या लवकर शिळा होत नाही.

ई) प्रतिष्ठा: ‘अभिजात’ चित्र लावले की घरही अभिजात ठरते, ही भावना. तोर्नाबुओनींच्या वाड्यात जे काम दागिन्यांनी केले, ते आज चित्राची निवड करते.

उ) ओळख: दिव्याची स्त्री पाहून अनेकांना आपली आई किंवा आजी आठवते. चेहरा परका असला तरी हालचाल ओळखीची असते.

९. विचारायचे प्रश्न

आकर्षणाची कारणे मान्य केल्यावरही काही प्रश्न उरतात, आणि अभ्यासकाने ते टाळू नयेत.

भिंतीवर कोण आली आणि कोण आली नाही? फ्लोरेन्सच्या भिंतीवर व्यापाऱ्याची सून आली. तिचे कपडे धुणारी आली नाही. आपल्या छापील चित्रांतही गोरी, तरुण, दागिन्यांनी मढलेली, खाली नजर असलेली स्त्री पुन्हा पुन्हा दिसते. हाच चेहरा देवीचा, हाच नायिकेचा, हाच साबणाच्या जाहिरातीचा झाला, तेव्हा तो नुसता सुंदर चेहरा राहिला नाही. स्त्री कशी असावी याचे ते माप झाले. लग्नासाठी पाठवायच्या फोटोत मुलीला किंचित वळून, साडी-दागिन्यांत, एका बाजूच्या उजेडात बसवले जाते. आता तो चेहरा फोनवर आणखी उजळ करतात. फोटो काढणाऱ्याला जोव्हान्ना माहीत नसते, पण बैठक तिच्याच वंशातली असते. त्या मापात न बसलेल्या मुलींना नकार मिळतो. भिंतीवरच्या चित्राने हे घडवले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल, पण रोज डोळ्यांसमोर असलेले माप हळूहळू स्वाभाविक वाटू लागते, हे नाकारता येणार नाही.

दुसरा प्रश्न: चित्र कोणी काढले? सोफोनिस्बा आंग्विसोला हिने १५५५ मध्ये आपल्या बहिणी बुद्धिबळ खेळत असल्याचे चित्र काढले. त्यातल्या मुली हसतात, डाव टाकतात, एकमेकींकडे पाहतात. त्यांना कोणाला पसंत पडायचे नाही. आपल्याकडे रविवर्म्यांची बहीण मंगलाबाई चित्रकार होती. धुरंधरांची कन्या अंबिका आणि त्रिंदाद यांची कन्या अँजेला या दोघी जे. जे.त शिकल्या व आयुष्यभर काम करत राहिल्या. बापाची चित्रे घरोघर माहीत, लेकीची संग्रहालयातही शोधावी लागतात. भिंतीसाठी चित्र निवडताना ही नावेही आठवावीत.

तिसरा प्रश्न नावाचा. तिशियनच्या ‘ला बेल्ला’ला, म्हणजे ‘सुंदरी’ला, खात्रीचे नाव नाही. मोना लिसा म्हणजे रेशमाच्या व्यापाऱ्याची पत्नी लिसा गेरार्दिनी, याला भक्कम पुरावा मिळाला तो हायडेलबर्गच्या ग्रंथालयातील एका जुन्या पुस्तकाच्या समासात १५०३ मध्ये लिहिलेल्या टिपणामुळे. ते टिपण उजेडात आले २००५ मध्ये. नाव कळल्याने चित्राचे सौंदर्य वाढत नाही. पण पाहणे बदलते: ‘एक सुंदर बाई’ ऐवजी अमक्या साली, अमक्या गावात जगलेली एक स्त्री आपण पाहतो.

१०. प्रत घेताना व लावताना

हक्क: भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कलाकृतीवरील हक्क सामान्यतः कलाकाराच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो, ही मोजणी निधनानंतरच्या वर्षाच्या आरंभापासून होते. रविवर्मा आणि धुरंधर यांची मुदत कधीच संपली आहे. हळदणकरांचे निधन १९६८ चे, म्हणून या हिशेबाने मुदत २०२८ अखेर संपते. रेनेसाँच्या चित्रांबाबत हा प्रश्न नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीसारखी संग्रहालये त्यांच्या मोठ्या प्रतिमा मोफत उपलब्ध करून देतात.

छपाई: जवळून पाहायच्या प्रतीला दर इंचाला ३०० ठिपके हवेत. ५० सेंटिमीटर उंचीच्या प्रतीसाठी प्रतिमेची उंची सुमारे ५,९०० ठिपके असावी. दुरून पाहायची असेल तर निम्म्यावरही भागते. फोनवर आलेले चित्र मोठे करून छापले तर चेहऱ्याच्या मऊ छटा आधी बिघडतात.

जागा: चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवावा. थेट ऊन टाळावे. पावसाळ्यात ओल येणारी भिंत टाळावी आणि चौकटीमागे हवा खेळेल इतकी फट ठेवावी. कसर कागदाला तिथूनच लागते.

नोंद: चौकटीच्या मागे चित्रातील स्त्रीचे नाव, चित्रकाराचे नाव, साल आणि मूळ चित्राचे ठिकाण लिहून चिकटवावे. घरी जुना ओलिओग्राफ असेल तर तो कोणी आणला आणि त्यावर जर-टिकल्या असतील तर त्या कोणी लावल्या, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. ही माहिती सांगणारी माणसे आहेत तोवरच मिळते.

११. सारांश

रेनेसाँची स्त्री-व्यक्तिचित्रे मुख्यतः घरासाठी, लग्न व आठवण या निमित्ताने काढली गेली. वळलेला चेहरा, समोरची नजर, तैलरंगांतील मऊ छटा ही त्यांची साधने जे. जे. स्कूल आणि रविवर्मा यांच्या मार्फत आपल्याकडे आली, आणि शिळाछपाईने ती सामान्य घरांत पोहोचवली. त्यांचे आकर्षण खरे आहे. त्यांनी घालून दिलेले स्त्रीचे मापही तितकेच खरे आहे. अभ्यासकाने दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्यात.

स्वाध्याय

१. एकचष्म आणि दीडचष्म चेहऱ्यांमुळे पाहणाऱ्याचे चित्रातील स्त्रीशी नाते कसे बदलते? प्रत्येकी एका चित्राच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र रविवर्म्यांचे आणि तैलरंगातले वाटण्याची कारणे कोणती असावीत?
३. शिळाछपाईचे तत्त्व आकृतीसह लिहा.
४. भेडाघाटची योगिनी, फ्लोरेन्सची जोव्हान्ना आणि रविवर्म्यांची दमयंती यांची बैठक, नजर व नाव या तीन मुद्द्यांवर तुलना करा.
५. क्षेत्रकार्य: आपल्या वस्तीतील पाच घरांच्या परवानगीने भिंतीवरील स्त्रीचित्रांची यादी करा. प्रत्येक चित्राबद्दल ते कोणी निवडले, केव्हा लावले आणि चित्रातील स्त्री कोण, हे विचारून नोंदवा.